अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण आपण नटांवर फार सढळ हाताने वापरतो. सबबी सांगणाऱ्याला गप्प करायला ती बरी आहे. पण सिनेमात अंगण खरोखरच वाकडं असू शकतं. कधी कधी तर नाच संपून पन्नास वर्षं झाल्यावर कोणीतरी ते वाकडं करून ठेवतं. जुने नट ओव्हरअ‍ॅक्टिंग करायचे, आताचे कसे नॅचरल असतात, असं एक मत असतं. दुसरं याच्या बरोबर उलटं: जुन्यांच्या आवाजात दम होता, आताचे नुसते पुटपुटतात. दोन्ही मतं ठामपणे मांडली जातात, आणि दोन्हींत एक घोटाळा आहे. त्यांतला बराचसा निकाल नटाबद्दल नसतोच. तो कॅमेऱ्याबद्दल असतो, माइकबद्दल असतो, आणि ज्या प्रिंटमधून तो सिनेमा आपल्यापर्यंत पोचला त्या प्रिंटबद्दल असतो. नटाच्या पदरात त्याचं माप घालायचं तर यंत्राचं माप आधी वजा करायला हवं.

आवाजाचा भाग सगळ्यात मोठा, म्हणून आधी तोच घेऊ. अ‍ॅरीफ्लेक्स २सी हा हलका, दणकट कॅमेरा आपल्याकडे वर्षानुवर्षं राबला. चारशे फुटी मॅगझिन (फिल्मची डबी) लावायचं आणि हवं तिथे न्यायचा. फक्त चालू केला की तो शिवणयंत्रासारखा खडखडायचा. त्या खडखडाटात संवादांचं वापरण्याजोगं ध्वनिमुद्रण होणं अशक्य. म्हणून सेटवर खुणेपुरता पायलट ट्रॅक घ्यायचा आणि खरा आवाज नंतर डबिंगच्या खोलीत, ही हिंदी-मराठीतली रीतच होऊन बसली. डबिंगला फिल्मच्या तुकड्याची दोन टोकं जोडून लूप करत. तेच काही सेकंद पडद्यावर गरगर फिरत राहायचे आणि नट ओठांना ओठ जुळवत बोलत राहायचा. शेतातून धावत येऊन म्हटलेलं वाक्य काही महिन्यांनी बंद खोलीत उभ्या जागी म्हणायचं. दम लागल्याचा श्वास मुद्दाम आणायचा, आणि मुद्दाम आणलेला श्वास कान लगेच ओळखतात. त्यात माइक तोंडापासून वीतभर, माणूस मात्र पडद्यावर पार पलीकडच्या बांधावर. चेहरा लांब आणि आवाज कानाशी, अशी ही विजोड जोडी आपण एका शब्दात निकालात काढतो: नाटकी.

याचा परिणाम डबिंगच्या खोलीपुरता राहत नाही, तो उलटा सेटवर येतो. पुढे ओठ जुळवायचे आहेत हे ठाऊक असलेला नट तोंड नीट उघडून, शब्द सुटे करून बोलतो. समोरच्याचं वाक्य पुरतं संपल्याशिवाय आपलं सुरू करत नाही. खऱ्या भांडणात माणसं एकमेकांच्या वाक्यांवर चढतात. डबिंगच्या काळातली पात्रं भांडतानाही पाळीपाळीने बोलतात, कारण एकमेकांत घुसलेली वाक्यं लुपावर सोडवून घेणं म्हणजे डोकेदुखी. सेटवरचा आवाज टाकूनच द्यायचा असल्याने शॉट चालू असताना बाजूने संवाद पुरवता येत, दिग्दर्शकाला सूचनाही देता येत. नटाची नजर वाक्याआधी क्षणभर रिकामी होते, तेव्हा तो विचार करत असेल किंवा बाजूचं ऐकत असेल. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं.

आणि आवाज त्या नटाचाच असतो असं तरी कुठे आहे? श्रीदेवीने स्वतःच्या आवाजात पहिल्यांदा हिंदी डबिंग केलं ते १९८९ च्या ‘चांदनी’साठी. त्याआधीच्या तिच्या बऱ्याच हिंदी भूमिकांना नाझ या अभिनेत्रीचा आवाज आहे, ‘आखरी रास्ता’मध्ये रेखाचा. ‘गुलाम’मध्ये (१९९८) राणी मुखर्जी दिसते, ऐकू येते मोना घोष शेट्टी. तेव्हा ‘सुरुवातीच्या काळात तिची संवादफेक कच्ची होती’ असं कोणी म्हणालं की आधी विचारावं, कोणाची? ‘लगान’ने २००१ मध्ये एवढ्या मोठ्या पसाऱ्याचा सिनेमा सेटवरच्याच आवाजात करून दाखवला, आणि पुढे सिंक साउंड हळूहळू रुळला. त्या वळणाच्या अलीकडचा नट आणि पलीकडचा नट यांच्या ‘नैसर्गिक’पणाची तुलना करणं म्हणजे एकाला मैदानावर आणि दुसऱ्याला गुडघाभर पाण्यात पळवून वेळ मोजण्यासारखं आहे.

उजेडाचंही तसंच. १९६० च्या दशकातल्या रंगीत निगेटिव्हची संवेदनशीलता ५० एएसएच्या आसपास होती. आजचे डिजिटल कॅमेरे ८०० पासून सुरू होतात. म्हणजे त्या काळी आजच्या सोळापट प्रकाश लागायचा. खोलीत तापलेले दिवे, बाहेर चंदेरी कागद लावलेले रिफ्लेक्टर थेट तोंडावर. त्या नायकांच्या बारीक केलेल्या डोळ्यांना आपण ‘स्टाइल’ म्हणतो. त्यातली थोडी नक्कीच स्टाइल होती, उरलेली रिफ्लेक्टरची मेहेरबानी. शिवाय खोलीत एवढे दिवे लावूनही लेन्सचं छिद्र मोठं ठेवावं लागे. छिद्र मोठं की फोकसची पट्टी अरुंद. जमिनीवर खडूने केलेल्या खुणेपासून नट हातभर सरकला की चेहरा धूसर. असा खुणेला बांधलेला माणूस सहज वावरतोय असं दिसणं हीच कारागिरी आहे, आणि ज्यांना ती साधली त्यांना आपण पुरेसं श्रेय देत नाही. सत्तरच्या दशकात झूम लेन्स हाती आल्यावर आणखी एक खोड लागली. धक्कादायक वाक्य आलं की कॅमेरा झूम करत चेहऱ्यावर जाणार आणि ते तीन-चार सेकंद नट थिजून उभा राहणार. तो हलला तर झूम फुकट! आज ते हास्यास्पद दिसतं, ते आहेच. पण हसं कॅमेरामन आणि दिग्दर्शकाचं व्हायला हवं.

फिल्मचा हिशेबही डोक्यात ठेवावा. ३५ मिमी फिल्म मिनिटाला ९० फूट खाते. चारशे फुटी मॅगझिन साडेचार मिनिटांच्या आतच संपतं. सव्वादोन-अडीच तासांच्या सिनेमाला चौपट फिल्म वापरायची म्हटलं तरी पन्नास हजार फुटांच्या घरात जातं, आणि मराठी निर्मात्याला तेवढीही परवडेलच असं नसायचं. दुसरा टेक चांगला आला की पुढे. आज कार्ड बदललं की झालं. वीस टेक घ्या, तिसऱ्यातली नजर आणि सोळाव्यातला सुस्कारा एकत्र शिवा. हे शिवणकाम वाईट नाही. पण त्यातून तयार झालेल्या कामाला ‘काय सहज अभिनय आहे’ म्हणताना निम्मी दाद संकलकाच्या टेबलावर ठेवायला हरकत नाही.

याची परीक्षा घरी घेता येते. दोन माणसांचा दोनेक मिनिटांचा संवाद निवडा, आवाज बंद करा आणि कट मोजा. मिनिटाला पंधरा-वीस कट असतील तर टायमिंग संकलकाचं. तीन-चार असतील तर नटांचं. विनोदात हा फरक लख्ख दिसतो. ‘अशी ही बनवाबनवी’त (१९८८) तीन-चार माणसं एका चौकटीत कोंबलेली आहेत असे प्रसंग भरपूर आहेत. अशोक सराफ थाप रचतोय, सुधीर जोशींचे सरपोतदार ती गिळतायत, आणि मधल्या मध्ये लक्ष्मीकांत बेर्डेची तारांबळ. तिथे लय चुकली तर कात्री वाचवायला येत नाही. म्हणून पुढच्या वेळी बोलणाऱ्याकडे बघूच नका, न बोलणाऱ्याकडे बघा. समोरच्याचं वाक्य त्याला आत्ता ऐकू आलं की ते कधी संपतंय याची तो वाट पाहतोय? नटाला ओळखायची याहून पक्की खूण मला तरी ठाऊक नाही, आणि ती १९३६ च्या सिनेमालाही तेवढीच लागू पडते.

१९३६ म्हटलं की ‘संत तुकाराम’ आला, आणि इथे माझ्याच मुद्द्याला थोडी खीळ बसते. यंत्रामुळे सगळे जुने नट नाटकी वाटतात, असं जर कोणी म्हणेल तर त्याने प्रभातचा हा एक सिनेमा लक्षपूर्वक बघावा. तोच कॅमेरा, तोच माइक, तोच स्टुडिओ, आणि अभिनयाच्या तीन तऱ्हा. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम कीर्तनकारासारखा समोर तोंड करून, स्वतःच्याच गळ्याने गातो. ही नाटकातून आणि कीर्तनातून आलेली सन्मुख शैली. सालोमालो तर सरळ सरळ रंगभूमीवरचा खलपुरुष आहे, हातवाऱ्यांसकट. आणि त्यांच्या मधोमध गौरीची जिजाई. आजारी पोराला फरफटत देवळात नेऊन, पायातलं हातात घेऊन पांडुरंगाला जाब विचारणारी. तिच्या चालण्यात घरकामाचा थकवा आहे, बोलण्यात रोजची कटकट आहे. नव्वद वर्षांनंतरही त्या कामातलं काही काढावंसं वाटत नाही. म्हणजे सहज अभिनय तेव्हा येत नव्हता, हे खोटं. यंत्राने तो अडवला होता, हेही अर्धंच खरं. शैली ही निवड होती. पागनीसांनी जिजाईसारखं वागावं ही अपेक्षाच चुकीची, कारण त्यांना संसारी माणूस उभा करायचा नव्हता, संत उभा करायचा होता. ‘दो बीघा जमीन’मधला (१९५३) बलराज साहनी किंवा ‘सामना’मधली (१९७५) श्रीराम लागू आणि निळू फुल्यांची जुगलबंदी पाहा. मारुती कांबळेबद्दलचा तो एकच प्रश्न लागूंचा मास्तर विचारत राहतो आणि फुल्यांचा हिंदूराव आवाज न चढवता दहशत बसवतो. हा नैसर्गिकपणा कालपरवा ओटीटीवाल्यांनी शोधून काढलेला नाही.

आणि उलट बाजूही आहे. ‘जुनं ते सोनं’वाल्यांना हे सोनं चाळणीतून आलंय याचा विसर पडतो. ‘आलम आरा’ (१९३१) आज उपलब्ध नाही. मूकपटांच्या काळातले हजाराहून जास्त सिनेमे गेले, मोजके उरले. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, ओलाव्यात चिकट होऊन कुजणारी आणि ठिणगी पडली तर विझता न विझणारी. पुण्यात २००३ मध्ये अशाच नायट्रेट साठ्याला आग लागून पुष्कळ काही भस्मसात झालं. जे शिल्लक राहिलं त्यातलंही आपण टीव्हीवर पाहतो ते लोकांनी पुन्हा पुन्हा मागितलेलं. टुकार सिनेमे तेव्हाही दर आठवड्याला लागत होते, ते परत दाखवायची तसदी कोणी घेत नाही, इतकंच. त्या गाळीव पन्नास सिनेमांशी आजच्या एका शुक्रवारच्या सगळ्या मालाची तुलना करायची आणि ‘आता तसे नट राहिले नाहीत’ म्हणत उसासा टाकायचा, हा हिशेब कोणत्याही दुकानात चालणार नाही.

पण माझा खरा राग या भाबड्या मतांवर नाही, आपल्याला जे दाखवलं जातं त्यावर आहे.

जुन्या सिनेमांची चौकट साधारण १.३७ : १, जवळजवळ चौकोनी. आजचा टीव्ही १.७८ : १. दोन्ही बाजूंना काळे पट्टे ठेवून सिनेमा जसा आहे तसा दाखवता येतो. पण ‘पडदा भरला पाहिजे’ या हट्टापायी चित्र वाढवून वरखाली कापतात, आणि उंचीचे २३ टक्के जातात. काय जातं? वरून कपाळ, खालून हात. ज्या पिढीने हातांनी अभिनय केला तिचे हातच कापायचे आणि नुसते भुवया उडवणारे चेहरे दाखवायचे, वर म्हणायचं की काय बटबटीत आहे. दुसरा मार्ग त्याहून वाईट: चित्र आडवं ताणणं. मग सडपातळ नायिका फुगते आणि नायकाची चाल बदकासारखी होते. रुंद सिनेमांचं जुन्या चौकोनी टीव्हीवर याच्या उलट झालं. ‘कागज के फूल’ (१९५९) हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप, २.३५ : १. तो चौकोनी टीव्हीभर दाखवायचा तर रुंदीचा ४३ टक्के भाग उडवावा लागतो. दोन माणसं चौकटीच्या दोन टोकांना उभी करून त्यांच्यातलं अंतर दाखवलेलं असेल, तर टीव्हीवर उरतं मधलं रिकामं अंतर!

वेगाचीही गडबड असते. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, आपल्याकडची पाल टीव्ही पद्धत २५ ची. सोपा उपाय म्हणून सिनेमा थोडा पळवायचा. दीडशे मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो आणि, वेगळी दुरुस्ती केली नाही तर, सगळ्यांचे आवाज अर्ध्या सुराहून थोडे कमी इतके वर चढतात. ‘जुन्या बायका किती चिरक्या आवाजात बोलायच्या’ या मतामागे काही वेळा एवढंच असतं. मूकपटांवर तर अन्यायच झाला. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर सेकंदाला सोळाएक चौकटी घेतलेल्या, त्या २४ ने दाखवल्या की माणसं दीडपट वेगाने टुणटुणतात. त्या लोकांना अभिनय येत नव्हता हा समज त्या टुणटुणीतून आलाय.

सिनेमा कापलेला आहे का, हे तपासायची एक युक्ती आहे. फिल्मच्या जमान्यातल्या सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं. त्यावर रिळांची संख्या आणि मीटरमधली लांबी असते. मीटरला २७.४ ने भागा, मिनिटं मिळतात. ३,८०० मीटर म्हणजे सुमारे १३९ मिनिटं. समोरची प्रत सव्वाशे मिनिटांची असेल तर पालचा वेग धरूनही आठ-नऊ मिनिटांचा सिनेमा कुठेतरी गळालाय. गळतात ते बहुधा ‘काही घडत नाही’ असे तुकडे: कोणीतरी पाणी पितंय, पत्र वाचून खिडकीकडे जातंय, उंबऱ्यात थबकतंय. रागाच्या आधीचं गप्प बसणं कापलं की राग अचानक येतो आणि नट आक्रस्ताळा दिसतो. अभिनय नेमका त्या गप्प बसण्यातच होता.

नव्या नटांनाही हाच न्याय लावला पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे जुन्यांची वकिली होईल. ‘पुटपुटतात’ या तक्रारीत तथ्य आहे. कॉलरमधल्या माइकमुळे कुजबुजही मुद्रित होते, आणि काही जणांनी कुजबुजीलाच अभिनय मानलंय. पण निम्मा दोष घरच्या टीव्हीचा आहे. आवाजाचं मिश्रण पाच अधिक एक स्पीकरांसाठी केलेलं असतं, संवाद मधल्या स्पीकरवर. टीव्हीचे दोन बारके स्पीकर ते सगळं एकत्र कोंबतात आणि पार्श्वसंगीताखाली संवाद दबतो. अ‍ॅपमध्ये ५.१ ऐवजी स्टीरिओ ट्रॅक निवडा, टीव्हीत संवाद ठळक करायची सोय असेल तर ती चालू करा, आणि मग मत द्या. त्याच बैठकीत मोशन स्मूदिंगही बंद करा. सॅमसंगवर ते ऑटो मोशन प्लस, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो या नावाने लपलेलं असतं. टीव्ही दोन चौकटींच्या मध्ये आपल्या मनाने चौकटी घालतो आणि मोठ्या खर्चाचा सिनेमाही दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो. त्या गुळगुळीतपणात चांगला नटही खोटा वाटतो.

‘कोर्ट’ (२०१४) अशा वेळी कसोटीला बरा. कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही, माणसं दूर, क्लोजअपचा आधार नाही. गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील कायद्याची कलमं एका सुरात, रेशनची यादी वाचावी तशी वाचते. तीच बाई नंतर लोकलमध्ये सोबतच्या बाईशी घरगुती गप्पा मारते. दोन्हीकडे आवाज तिचाच, पण वजन वेगळं. मोबाइलवर, चालत्या बसमध्ये पाहिलं तर ‘काहीच अभिनय नाही’ असंच वाटेल.

मोबाइलचा विषय निघालाच आहे तर रील्स. आडव्या १६ : ९ चित्रातून उभं ९ : १६ कापलं की रुंदीचा जेमतेम ३२ टक्के भाग उरतो. म्हणजे दोन माणसांच्या प्रसंगातला एक माणूस हद्दपार. उरतो बोलणारा. ऐकणारा, ज्याच्या चेहऱ्यावर विनोद फुटतो, तो कापला जातो. आजची पंधरा-सोळा वर्षांची मुलं अशोक सराफना अशा तीस सेकंदांच्या उभ्या तुकड्यांतून ओळखतात आणि तरीही हसतात. हे सराफांचं कर्तृत्व मानायला हवं. पण सुधीर जोशी त्या तुकड्यांतून नाहीसे होतायत.

म्हणून वाहिन्यांकडे आणि ओटीटीवाल्यांकडे एक साधी मागणी करावीशी वाटते. सिनेमा सुरू होण्याआधी धूम्रपानाच्या इशाऱ्याला जागा आहे, तशी एक ओळ आणखी: मूळ चौकट अमुक, मूळ लांबी अमुक, ही प्रत अमुक. औषधाच्या पट्टीवर घटक छापतात, तूप भेसळीचं निघालं तर दंड होतो. सिनेमाच्या भेसळीवर निदान लेबल तरी असावं. ‘प्रेक्षकांना काळे पट्टे आवडत नाहीत’ हे उत्तर ठरलेलं आहे. प्रेक्षकांना रिमोट दिलेला आहे, ज्याला पडदा भरायचा तो भरेल. मुळात न कापलेलं चित्र त्याच्यापर्यंत पोचू तर द्या.

‘शोले’च्या ठाकूरबद्दल गेली पन्नास वर्षं मतं दिली जातायत. संजीव कुमारने ती भूमिका खांद्यांवर आणि मानेवर पेलली, हात नाहीतच. पण १९७५ मध्ये सेन्सॉरच्या आग्रहाने शेवट बदलला, पोलीस आले आणि ठाकूर थांबला. मूळ शेवटात तो गब्बरला पायांनीच संपवतो आणि मग ढसाढसा रडतो. इतकी वर्षं आवळून धरलेला माणूस तिथे सुटतो. तो शेवट असलेली दुरुस्त प्रत २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याला मोठ्या पडद्यावर दाखवली गेली. ‘संजीव कुमार शेवटपर्यंत एकाच सुरात राहिला’ असं आजवर म्हणत आलेल्यांना आता एवढंच विचारायचं आहे, की शेवट कोणता पाहिलात?